पेटी आणि अक्षर

दिवाळीच्या आधी घर झाडावयास काढले, की आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या घरांतून एखादी तरी अशी पेटी निघते, की तिच्यात काय आहे ते घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. पेटी पत्र्याची, दणकट, कडीकोयंडा शाबूत, झाकणावर आजोबांचे नाव तैलरंगात रंगवलेले. उघडून पाहावे तर आत वाळवीने चाळण केलेले कागद. पेटी राहिली आणि मजकूर गेला! आपल्याकडच्या कितीतरी इतिहासाची गत अशीच झाली आहे.

आमच्या वाचनालयाचा मजकूर गेला, तेव्हा मात्र मागे पेटीसुद्धा उरली नाही.

आमचे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. वाचनालय लहानसेच, दोन खोल्या, चार कपाटे आणि सकाळी वर्तमानपत्रासाठी भांडणारे आठ-दहा सभासद. काही वर्षांपूर्वी आम्हा चार-पाच जणांच्या मनात आले, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून ठेवाव्यात. निजामाच्या राजवटीत जन्मलेली, १९४८ सालचा १७ सप्टेंबर पाहिलेली, १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली ही माणसे. त्यांच्यानंतर हे कोण सांगणार? आम्ही वह्या भरल्या, आवाज ध्वनिमुद्रित केले, छायाचित्रे घेतली, आणि शहरातल्या एका व्यावसायिकाकडून वाचनालयाचे संकेतस्थळ करवून घेऊन हे सारे त्यावर चढवले. परगावी गेलेली मुले ते पाहत, आणि आजीचा आवाज ऐकून त्यांची पत्रे येत.

पुढे एका पावसाळ्यात ते पान उघडेनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की ज्या एका यंत्रावर सगळा पसारा ठेवला होता ते बिघडले आणि दुसरी प्रत कोणीच ठेवलेली नव्हती. त्या गृहस्थांना बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत कोठे आहे, हे आम्ही तरी कधी विचारले होते? वह्या होत्या म्हणून लेख वाचले. छायाचित्रे कोणाकोणाच्या फोनमध्ये राहिली होती तेवढीच हाती आली. आवाज मात्र सगळे गेले. आणि ज्यांचे आवाज गेले, त्यांतली निम्मी माणसे तोवर जगात राहिली नव्हती.

त्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला. तो संगणकाच्याच धंद्यात आहे. सगळे ऐकून घेऊन म्हणाला, “मामा, तुम्ही सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली, ती टोपलीसुद्धा दुसऱ्याची. आता पुन्हा करू. पण या खेपेला कंटेनरमध्ये घालू आणि क्लस्टरवर चढवू.”

कंटेनर म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे मुंबईच्या वाटेवर धावणारी ती लांबलचक लोखंडी पेटी आली. “अरे, आमच्या चार कपाटांच्या वाचनालयाला कंटेनर कशाला?” असे मी म्हटले आणि सगळे हसले. भाचाही हसला, पण म्हणाला, “नाव तिथूनच आलंय, मामा.”

माझा पेशा इतिहास शिकवण्याचा होता. शब्द कोठून आला एवढे कळले, की तो गावाला कसा पोचला याचा माग काढल्याशिवाय आम्हा लोकांना चैन पडत नाही. तो माग काढला तेव्हा दिसले, की ही गोष्ट आमच्या जालन्याला वाटते तितकी परकी नाही.

*

“जालना सोन्याचा पालना” असे आमच्याकडे म्हणतात. हा पालना हलत होता तो व्यापाराच्या दोरीने. आणि रेल्वे येण्यापूर्वी ती दोरी लमाण बंजाऱ्यांच्या हाती होती. आजही मंठा, परतूर, घनसावंगीच्या बाजूला फिरावे तर ‘तांडा’ नावाच्या वस्त्या जागोजाग भेटतात. एके काळी हे तांडे चालते होते. धान्य आणि मीठ पाठीवर घेऊन शेकडो, प्रसंगी हजारो बैल दख्खनच्या पठारावरून संथपणे सरकत.

या वाहतुकीतली खरी युक्ती बैलात नव्हती, ती गोणीत होती. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना सारखी लोंबणारी, समतोल भरलेली गोणी. आत गहू आहे की मीठ, याच्याशी बैलाला कर्तव्य नाही. एक बैल बसला तर त्याच्या पाठीवरची गोणी उचलून दुसऱ्याच्या पाठीवर टाकावयाची. माल सोडावयाचा नाही, मोजावयाचा नाही. कोणता बैल थकला, कोणाचे ओझे कोणावर द्यावयाचे, आज किती बैल जुंपावयाचे, हे ठरवणारा एकच माणूस, तांड्याचा नायक. बैल पडे, पण तांडा थांबत नसे.

सैन्यांची पोटेसुद्धा या व्यवस्थेवर भरत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या असई गावी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हा सेनापती दख्खनच्या मोहिमांत धान्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर फार अवलंबून होता. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांची संख्या येते. गोण्यांची येत नाही.

*

मग १९०० च्या सुमारास रेल्वे आली. निजामाच्या राज्यातून जाणारी हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची ही लाइन मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणीवरून सिकंदराबादेकडे गेली. जालन्याच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. पण त्या वाटेत एक मेख होती. मुंबईहून मनमाडला येणारे रूळ साडेपाच फूट रुंदीचे, आणि मनमाडहून जालन्याकडे येणारे रूळ एक मीटरचे. इकडचा डबा तिकडे जाणार नाही आणि तिकडचा इकडे येणार नाही.

तेव्हा व्हावयाचे काय? जालन्याला भरलेल्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवावयाच्या आणि पलीकडे उभ्या असलेल्या मोठ्या डब्यात पुन्हा चढवावयाच्या. दोन्हीकडे इंजिने तयार, रूळ तयार. अडले ते मधल्या वीस-पंचवीस पावलांवर. त्या पावलांवर वेळ जाई, माल भिजे, पोती फाटत आणि चोरीही होई. हमालांच्या कैक कुटुंबांचे पोट या अडचणीवर चाले, हेही विसरता कामा नये. ही स्थिती जवळजवळ शतकभर टिकली. १९९० च्या दशकात आमच्या बाजूचे रूळ रुंद झाले, तेव्हा मुंबईची गाडी सरळ जालन्याला येऊ लागली.

मी या अडचणीला मनातल्या मनात ‘मनमाडची अडचण’ असे नाव देऊन ठेवले आहे. माल चांगला, वाहन चांगले. पण एका वाहनातून दुसऱ्यात जाताना सारा घोटाळा.

साऱ्या जगाच्या बंदरांवर हीच अडचण होती. ती ज्याला प्रथम असह्य झाली तो माणूस ट्रकचा धंदा करणारा होता. त्याचे नाव माल्कम मॅक्लीन. तो पुढे सांगत असे, की १९३७ साली न्यू जर्सीच्या धक्क्यावर कापसाच्या गाठी घेऊन तो दिवसभर आपल्या ट्रकमध्ये ताटकळत बसला होता. गोदी कामगार एकेक गाठ उतरवून जहाजात नेत होते, आणि तेव्हाच हा विचार त्याच्या मनात आला. जालन्याचा कापूस मनमाडला अडत होता त्याच काळात अमेरिकेचा कापूस असा धक्क्यावर अडत होता, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी मॅक्लीनच्या ‘आयडियल-एक्स’ नावाच्या जहाजाने ५८ पेट्या घेऊन नेवार्क बंदर सोडले आणि ते ह्यूस्टनला गेले. सुटा माल जहाजात भरावयास तेव्हा टनामागे जवळपास ६ डॉलर लागत. या पेट्यांना लागले १६ सेंटांच्या आत. पण केवळ मोठी पेटी केल्याने काम भागले असते का? नाही. पेटीचे कोपरे, तिच्या कड्या आणि तिची लांबी-रुंदी सगळ्यांची सारखी हवी. तरच कोणत्याही ट्रकवर, कोणत्याही रेल्वेवर, कोणत्याही जहाजावर ती बसेल. यावर पुष्कळ वाद होऊन १९६० च्या दशकाच्या अखेरीस वीस आणि चाळीस फुटी पेट्यांची आंतरराष्ट्रीय मापे ठरली. खरी क्रांती या मापाने केली, लोखंडाने नव्हे. तिची किंमत मात्र जगभरच्या गोदी कामगारांनी चुकवली. हजारोंच्या हातचे काम गेले.

आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले ते मुख्यतः या पेट्यांसाठीच. आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालन्याजवळ, दरेगावच्या परिसरात, २०१५ साली ‘कोरड्या बंदरा’ची पायाभरणी झाली. कल्पना अशी, की पेटी जालन्यालाच भरावी, तेथेच तिला मोहोर लागावी आणि परदेशी उघडेपर्यंत तिला कोणाचा हात लागू नये. मनमाडच्या त्या पंचवीस पावलांचा हा पुरता निकालच म्हणावयाचा.

*

आता संगणकाकडे वळू. तेथेही रूळ आहेत आणि त्यांच्याही रुंदी निरनिराळ्या आहेत.

एखाद्याने आपल्या यंत्रावर एक कार्यक्रम लिहिला. त्याच्याकडे तो उत्तम चालतो. दुसऱ्याच्या यंत्रावर नेला की अडतो. कारण त्याला लागणारी इतर साधने तेथे वेगळ्या आवृत्तीची असतात. “माझ्याकडे तर चालतंय!” हे वाक्य या धंद्यातल्या लोकांनी इतक्या वेळा उच्चारले आहे, की ते आता विनोदातच जमा झाले आहे.

आम्हा मराठी माणसांना तर या अडचणीचा जुना परिचय आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर मराठी मजकूर जुळवणारा प्रत्येक जण आपापला टंक वापरी. एका टंकात लिहिलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. आमच्या वाचनालयाचा एक स्मरणिकेचा मजकूर असाच कायमचा वाचता येईनासा झाला. वस्तुतः १९९१ साली भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ ही संकेतपद्धती प्रमाण ठरली होती आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण माप ठरणे वेगळे आणि सगळ्यांनी ते पाळणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला पुष्कळ वर्षे लागली.

मजकूर ठेवण्याच्या सोयीतही असाच पालट झाला. सुरुवातीला संकेतस्थळाचे एकेक पान संगणकाच्या भाषेत हाताने रचावे लागे. एक ओळ बदलावयाची तरी जाणकार माणूस हवा. लेखक एकीकडे आणि खिळे जुळवणारा दुसरीकडे, ही जुन्या छापखान्यातली सोय येथे नव्हतीच. ती ज्यांनी आणली त्यांना मजकूर-व्यवस्थापनाच्या प्रणाली म्हणतात. त्यांतली सर्वांत पसरलेली ‘वर्डप्रेस’. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती २७ मे २००३ रोजी लोकांपुढे ठेवली, आणि आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी दोन तिच्यावर चालतात. लेखकाने लिहावे आणि ‘प्रकाशित करा’ म्हणावे. मांडणी साचा सांभाळतो. तिची तीन अंगे असतात: एक तिचा स्वतःचा कार्यक्रम, दुसरे लेखांचे कोठार आणि तिसरे आपण चढवलेली चित्रे व ध्वनिमुद्रणे. ही तीन अंगे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढच्या फजितीचे मूळ त्यांच्यातच आहे.

या कार्यक्रमाला त्याच्या सगळ्या साधनांसकट एका बंद पेटीत घालावयाचे, म्हणजे संगणकाचा कंटेनर. मी भाच्याला म्हटले, “म्हणजे पाहुणा जाताना पीठ, मीठ, तवा सगळे घरून घेऊन जातो म्हण की!” तो म्हणाला, “अगदी तसंच. फक्त चूल यजमानाची.” संगणकाचा जो मूळ गाभा असतो तो सगळ्या पेट्यांना मिळून एकच, बाकीचे ज्याचे त्याच्यापाशी. म्हणून अशा पेट्या हलक्या असतात आणि क्षणार्धात सुरू होतात.

कल्पना एकदम उपजली नाही. एका कार्यक्रमाला बाकीच्या यंत्रापासून वेगळे कोंडून ठेवण्याची पहिली सोय १९७९ च्या युनिक्समध्ये दिसते. २००० साली आणखी एका प्रणालीत या कोंडण्याला ‘तुरुंग’ असेच नाव दिले गेले. २००६ च्या सुमारास गूगलच्या अभियंत्यांनी प्रत्येक कोठडीला किती शिधा मिळावा, हे लिनक्सला मोजून देता येईल अशी व्यवस्था आरंभली. या सर्वांवर सोपे झाकण बसवले ते सॉलोमन हाइक्स आणि त्याच्या सोबत्यांनी. मार्च २०१३ मध्ये त्यांनी आपले साधन जगाला दाखवले. नाव ठेवले ‘डॉकर’, म्हणजे गोदी कामगार. आणि चिन्ह घेतले पाठीवर पेट्या वाहणारा देवमासा. ज्या पेटीने गोदी कामगाराचे काम नेले, तिच्याच नव्या अवताराला त्याचे नाव मिळाले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा की थट्टा, मला सांगता येत नाही.

पेट्या झाल्या, आता तांडा हवा. अनेक संगणक एकत्र बांधून त्यांवर या पेट्या वाटावयाच्या, याला क्लस्टर म्हणतात. त्याचा नायक म्हणून गूगलने जून २०१४ मध्ये ‘कुबरनेटीस’ हे साधन सर्वांना खुले केले. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या संस्कृतातला ‘कर्णधार’ शब्दशः तोच! या कर्णधाराला आपण काम कसे करावयाचे ते सांगत बसत नाही. काय हवे ते एका यादीत लिहून देतो. “या कार्यक्रमाच्या दोन पेट्या सतत चालू असाव्यात” एवढे लिहिले, की तो यंत्रांवर नजर ठेवतो. एक यंत्र बसले, तर त्याच्यावरची पेटी दुसऱ्या यंत्रावर नव्याने उभी करतो. हे ऐकले तेव्हा मला बसलेल्या बैलावरची गोणी उचलणारा तांड्याचा नायक आठवला. सगळे तेच, फक्त बैल हंबरत नाहीत.

अनेक संकेतस्थळांना मिळून एकच पाया द्यावयाचा, ही कल्पना केवळ परदेशी कंपन्यांची राहिलेली नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘एस३वास’ नावाची व्यवस्था उभी केली आहे. एकाच साच्यातून देशभरच्या जिल्ह्यांची संकेतस्थळे काढावयाची, ती सरकारच्या सामाईक क्लाउडवर ठेवावयाची, आणि मजकूर ज्या त्या जिल्ह्याने भरावयाचा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांच्या भागांतून जन्मलेल्या आमच्या जालना जिल्ह्याचे संकेतस्थळही याच साच्यातले आहे. नोकरीची जाहिरात असो की भूसंपादनाची सूचना, आठही तालुक्यांतला माणूस ती तेथे पाहतो. एका खोलीतले एक यंत्र बंद पडले म्हणून एवढ्या लोकांनी ताटकळू नये, हे उघडच आहे.

*

आता आमच्या वाचनालयाकडे परत येतो.

एका लहान वाचनालयासाठी तांडा बांधणे म्हणजे एका पायलीसाठी शंभर बैल जुंपणे. भाच्याने हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. म्हणून आम्ही आसपासच्या पाच वाचनालयांना विचारले, आणि सहा जणांनी मिळून तीन यंत्रे भाड्याने घेतली. प्रत्येकाचे वर्डप्रेस वेगळे, कुलूप वेगळे, तांडा एक. वह्यांमधून सगळे लेख पुन्हा उतरवून घेतले. ज्या वृद्धांना पुन्हा बोलते करता आले त्यांना केले. उरलेल्यांची छायाचित्रे घरोघर फिरून गोळा केली.

त्यांत एक आजी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पाठीला तान्हे मूल बांधून खडी फोडली होती, आणि ती हकीकत त्या न रडता, हिशेब सांगावा तशी सांगत. त्यांचा आवाज पहिल्या अपघातात गेला; त्या स्वतः पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांचे आमच्याजवळचे एकुलते छायाचित्र नातीच्या फोनमध्ये सापडले. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी ती नातही वाचनालयात येऊन बसली होती.

भाचा म्हणाला, “आता गंमत बघा. चालती पेटी मी मुद्दाम मारून टाकतो.” त्याने एक आज्ञा दिली. पडद्यावर एक ओळ नाहीशी झाली आणि अर्ध्या मिनिटात तिच्या जागी दुसरी उभी राहिली. संकेतस्थळ क्षणभरही बंद पडले नाही, कारण जोडीची पेटी चालूच होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्याने दुसरीही मारली, तीही उठली. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात ती नात हळूच म्हणाली, “काका, आजीचा फोटो कुठंय?”

लेख जागच्या जागी होता. फोटोच्या ठिकाणी रिकामी चौकट होती.

भाच्याचा चेहरा उतरला. थोडा वेळ शोधाशोध करून त्याने कपाळाला हात लावला. लेखांच्या कोठाराला त्याने पेटीबाहेर स्वतंत्र, टिकाऊ जागा दिली होती. चित्रे मात्र वर्डप्रेसच्या पेटीच्या पोटातच साठत होती. पेटी मेली आणि पोटातले सगळे तिच्याबरोबर गेले. तेव्हा मला सकाळचा एक चमत्कारही उलगडला. तेच पान पुन्हा पुन्हा उघडले असता चित्र एकदा दिसे आणि एकदा दिसेना. दोन पेट्यांपैकी एकीच्याच पोटात ते होते, दुसरीला त्याचा पत्ताच नव्हता!

“मामा, यात कंटेनरचा दोष नाही,” तो म्हणाला. “पेटी मरण्यासाठीच असते. तिच्या पोटात जपायची वस्तू ठेवली, ही चूक माझी.”

मूळ छायाचित्र नातीच्या फोनमध्ये होते, म्हणून निभावले. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून भाच्याने चित्रांसाठी आणि आवाजांसाठी पेट्यांबाहेर एक सामाईक कोठी करून दिली आणि दोन्ही पेट्यांची दारे तिच्यात उघडली. लेखांच्या कोठाराची आणि या कोठीची रोज रात्री एक प्रत दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर जाईल, असे लावून दिले. मग पुन्हा दोन्ही पेट्या मारल्या. आजी जागच्या हलल्या नाहीत.

*

मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या तालुक्याला लागूनच घनसावंगी तालुका; त्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास त्यांनी लेखनक्रियेला दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात अक्षराचे वळण, ओळींचे अंतर, शाई आणि बोरू यांचा हा विचार पाहून नवखा वाचक चकित होतो. तेथे समर्थ एक फार व्यवहारी गोष्ट सांगतात: कागदाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

कागद झिजणारच, हे त्यांनी गृहीत धरले आहे. तो झिजू नये म्हणून ते नवस करीत नाहीत. झिजण्यासाठी त्याला जागा देतात आणि अक्षर आत सुरक्षित ठेवतात. सुमारे साडेतीनशे वर्षांच्या अंतराने भाच्याने त्या रात्री जे केले, ते याहून वेगळे काय होते? पेटीला मरण्यासाठी मोकळीक दिली आणि अक्षर तिच्या बाहेर नेऊन ठेवले.

समर्थांच्या शिष्यांनी पुढची पायरीही सांभाळली. दासबोधाच्या नकला मठामठांतून झाल्या. एका मठाला आग लागली, दुसऱ्यात पाणी शिरले, तरी तिसऱ्यात ग्रंथ राहिला. कल्याणस्वामींच्या डोमगावच्या मठात जपलेल्या प्रतीवरून विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना ग्रंथाची शुद्ध आवृत्ती काढता आली. मठांचे वाडे ढासळले, रुमाल कुजले, शब्द आला. यंत्रांची भाषा आज नवी आहे, उद्या तीही जुनी होईल. डॉकर आणि कुबरनेटीस ही नावे आमच्या नातवंडांना गोणी आणि तांड्याइतकीच जुनाट वाटतील. वाटोत. त्यांच्यावर मजकूर अवलंबून ठेवला नाही, म्हणजे झाले.

या अनुभवातून आमच्या सहा वाचनालयांनी एक रिवाज पाडला आहे. प्रत घेणे पुरेसे नाही; ती उघडते का, हे पाहिले पाहिजे. लक्ष्मीपूजनाला जालन्याच्या पेठेत व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. त्याच दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या शहरातली प्रत मागवून एका कोऱ्या यंत्रावर सगळे संकेतस्थळ नव्याने उभे करून पाहतो, आणि प्रत्येक गावचा एकेक लेख, एकेक आवाज, एकेक चित्र उघडतो. भाचा पुण्याहून आलेला असतो; पण आज्ञा आता ती नातच देते. तिला या कामाची गोडी लागली आहे.

सर्वांत शेवटी ती आजीचे पान उघडते. चित्र येईपर्यंतचा एक क्षण आम्ही सगळे गप्प असतो. मग आजी दिसतात. आणि फराळाला सुरुवात होते.